दिघीच्या अलीकडे गेलेले शंभर रुपये

आमच्या गावचे जे कोणी कोकणात जाऊन येतात, ते आल्यावर समुद्राचं सांगतात. मी सुपारीचं सांगणार आहे आणि मग एका पेट्रोल पंपाचं. समुद्र मधेमधे येईल.

वाशीम जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडासमोर माझी पानटपरी आहे. सातवी झाली तेव्हा तिच्यावर बसलो तो बसलोच. इतकी वर्षं रोज सुपारी कातरतो. चांगलं गिऱ्हाईक टपरीला कोपर टेकवून म्हणतं, "रोठा टाक, दुसरी नको." रोठा म्हणजे श्रीवर्धनची सुपारी. अडकित्त्यात धरली की कळते. आतून पांढरी जास्त, लाल रेघ कमी, दाताला मऊ. अकोल्याचा व्यापारी पोत्यातून देतो. श्रीवर्धन कुठं आहे असं एकदा त्याला विचारलं, तर म्हणाला, "समुद्राकडं असेल. तुला काय करायचंय?"

खरंच काही करायचं नव्हतं. फक्त पाहायचं होतं. पुष्पाचा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ गजू माणगावजवळ एका कंपनीत लागला आणि त्यानं फोनवर सांगितलं, "भाऊजी, या. माझी मोटरसायकल घ्या, दोन दिवस फिरा." पुष्पाला किल्ला पाहायचा होता. समुद्राच्या मधोमध उभा असलेला जंजिरा. शाळेच्या पुस्तकात तिनं त्याचं चित्र पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिच्या मनात एकच प्रश्न होता, की दगड तिथवर नेले कसे. मला सुपारी, तिला किल्ला, असं ठरवून जानेवारीत निघालो.

माणगाव

गजूची खोली हमरस्त्यापासून जवळच. रस्त्यावर ट्रकांची रांग आणि बाजारात सुक्या मासळीचा असा वास, की पुष्पानं नाकाला लावलेला पदर खोलीत शिरेपर्यंत काढला नाही. गजू हसला. म्हणाला, "ताई, पयल्या आठवड्यात मीबी असाच नाक धरून फिरलो. आता वास नाई आला तं बाजार बंद हाय असं वाटते."

त्यानं गाडीची चावी माझ्या हातात दिली आणि माझी झोप गेली. दुसऱ्याची वस्तू हातात आली की माझं असंच होतं. सकाळी मी गाडीभोवती फिरून आधीचे सगळे ओरखडे पाहून ठेवले. ब्रेक पाहिला, दिवा पाहिला, लायसन खिशात आहे का ते पाहिलं, मग परत पाहिलं. गजू म्हणाला, "पेट्रोल जरासंच हाय. श्रीवर्धन होऊन जाईन, पुढं तिकडंच भरा. अन् उद्या संध्याकायी मले गाडी पायजे, नाइटले जाच हाय." मी त्याचे इतके आभार मानले, की शेवटी तोच लाजला.

"तुमी तं रस्त्यातल्या खड्ड्यालेही थँक्यू म्हणसान," पुष्पा मागं बसता बसता म्हणाली.

आमच्याकडं गावाबाहेर पडलं की दिसत जातं. तूर, सोयाबीन, मग आभाळ. म्हसळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर वळणापलीकडचं काही दिसतच नाही. लाल माती, दोन्ही बाजूंनी झाडी, आणि वळण संपलं म्हणेपर्यंत दुसरं वळण. समोरून लाल बस अशी अंगावर यायची, की मी गाडी थेट गटाराच्या काठाला नेऊन उभी करायचो. प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होतो.

"हॉर्न वाजवून रायले का आरती करून रायले?" मागून आवाज.

श्रीवर्धन

श्रीवर्धनात गल्ल्या अरुंद, चिऱ्यांची कुंपणं, आणि कुंपणांच्या आत सुपारीची झाडं इतकी दाट आणि इतकी सरळ, की मला आधी वाटलं कुणी खांब रोवून ठेवलेत. खांब खरे, पण डोक्यावर हिरवे तुरे असलेले. खाली गार सावली. आमच्याकडं अशी सावली फक्त देवळाच्या गाभाऱ्यात असते.

ज्यांच्याकडं उतरलो त्यांचीच वाडी होती. वाडी म्हणजे घरामागची बाग. काका शाळेतून निवृत्त झालेले, धोतर नाही, बर्म्युडा घातलेला. मी पानवाला आहे आणि सुपारी कुठून येते ते बघायला आलोय, हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट पाहिलं.

"अहो, आमच्याकडे येतात ते बीच कुठाय विचारतात. सुपारी बघायला आलेले तुम्हीच पहिले. या असे, चपला राहू द्या, खाली ओल आहे."

अंगणात सुपारी वाळत घातली होती. शेंदरी रंगाची, सालासकट. मी आयुष्यात सोललेलीच पाहिलेली. हातात घेतली तर हलकी, एखाद्या लहानशा फळासारखी. कात आणि चुन्यात बुडालेल्या माझ्या बोटांत ती उपरी वाटत होती. वर एक गडी झाडावर होता. एका झाडाचे घड उतरवून झाले की तो खाली येत नव्हता. झाडाला झोका द्यायचा, शेजारचं झाड हातानं पकडायचा आणि पलीकडं जायचा. पुष्पानं डोळे मिटून घेतले. मीही मिटले, पण एक.

काका काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळाचं सांगत होते. त्या एका दुपारी निम्मी वाडी आडवी झाली. नंतर लावलेली रोपं दाखवली त्यांनी. कंबरेच्या वर आलेली, फळ धरायला अजून वेळ लागणारी. "आम्ही लावली. खाणार कोण ते बघू," म्हणाले आणि लगेच गड्याला ओरडले, "अरे, तो घड राहिला रे मागे!"

दुपारी काकूंनी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी इतकी पांढरी, की आजाऱ्याच्या पथ्याची वाटली. पण सोबतच्या वालाच्या बिरड्यानं ती समजूत काढून टाकली. आपल्या ज्वारीच्या भाकरीला चावावं लागतं, ही तोंडात पडते न पडते तोच विरते. सोलकढीचा गुलाबी पेला पाहून पुष्पानं मला कानात विचारलं, "हे औषध हाय का?" काकूंनी ऐकलं. "हो, पोटाचं. घ्या आणखी," असं म्हणून त्यांनी तिचा पेला पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना काकांनी दोन किलो सोललेला रोठा बांधून दिला आणि वर ओंजळभर वेगळा. मी धन्यवाद म्हणालो. मग दारात म्हणालो. मग गाडीवर बसून म्हणालो. काका हसले. "अहो, किती वेळा? पैसे दिलेत तुम्ही."

आदल्या संध्याकाळी समुद्रावर गेलो होतो. पुष्पा साडी सावरत पुढं पुढं गेली, वाकली, बोट बुडवून तोंडात घातलं आणि माझ्याकडं वळून ओरडली, "खरंच खारं हाय, बापा!" जणू इतकी वर्षं लोक तिला फसवत होते.

पंप

दुसऱ्या दिवशीचा बेत असा. सकाळी निघायचं, दिवेआगर करून दिघीला पोचायचं, तिथून गाडीसकट फेरीबोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं, मुरुडकडं जाऊन लहान होडीनं किल्ल्यात, आणि त्याच वाटेनं परत, अंधार पडण्याच्या आत गजूच्या दारात गाडी. बेत घट्ट होता. एक बोट चुकली तरी किल्ला जाणार, एवढा घट्ट. मी तो मनात सारखा घोकत होतो.

गाडी रिझर्व्हला आली तेव्हा दिघीच्या अलीकडे एक पंप लागला. गावाचं नाव लिहीत नाही, गावानं माझं काही वाकडं केलेलं नाही. पंपावर स्कॅन करून पैसे द्यायच्या पाटीवर चिकटपट्टी मारलेली. "नेट न्हाय, कॅश द्या," पेट्रोल भरणारा म्हणाला. माझ्याच वयाचा असेल, टोपीवर गॉगल चढवलेला, डाव्या हाताच्या बोटांत उभ्या दुमडलेल्या नोटांचा जुडगा. माझ्या टपरीवर पैसे आले की बोलणारा डबा आहे, तरी रोख पैशाला मी घाबरत नाही. रोखीतच वाढलोय.

"काका, झिरो बघा."

मी झिरो पाहिला. दोनशेचं पेट्रोल भरलं. मी पाचशेची नोट दिली. त्यानं जुडग्यातून नोटा ओढल्या, अंगठ्यानं कडा सरकवत माझ्यासमोर मोजल्या, "एक, दोन, तीन," आणि घडी माझ्या हातात ठेवली. मी "मेहरबानी, दादा" म्हणालो आणि घडी वरच्या खिशात घातली.

मोजली नाही. याचं कारण सांगितलं पाहिजे. आमच्या धंद्यात सुटे पैसे हातात पडल्यावर समोरच्याच्या तोंडावर मोजणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. माझ्याकडं रोज येणारा एखादा जर मोजायला लागला, तर त्या दिवशी त्याच्या पानाला माझा हात नीट चालत नाही. म्हणून मीही कुणाच्या तोंडावर मोजत नाही. त्यात परका मुलूख. तिथं तर मी अंग चोरूनच वावरतो.

दिघीच्या धक्क्यावर पोचलो तर बोट लागलेली. गाड्या चढत होत्या. डावीकडं, खाडीच्या तोंडाशी, पाण्यावर काळी रेघ दिसत होती. पुष्पानं माझा दंड धरला. "तो! तोच नं?" तोच होता. मी तिकिटासाठी खिशातली घडी काढली आणि उलगडली. शंभराच्या नोटा दोन होत्या.

खिसा चाचपला. दुसरा चाचपला. सीटवर पाहिलं, खाली पाहिलं. मग नोटा परत पाहिल्या. एक सरळ होती. दुसरीला मधोमध घडी होती, नखानं दाबल्यासारखी, आणि ती घडी पाहिल्याबरोबर तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढं पुन्हा चालला. मधे दुमडलेली नोट एका बाजूनं धरली तर तिला दोन कडा असतात. अंगठा कडा मोजतो, नोटा नाही. एक, दोन, तीन. मी माझ्या डोळ्यांनी तीन पाहिल्या होत्या.

"काय झालं?" पुष्पानं विचारलं. मी सांगितलं.

"शंभर?"

"हाव."

"मंग जाऊ द्या नं. चला, बोट सुटते."

मी हललो नाही.

"अवं, शंभर रुपयांसाठी किल्ला सोडता काय? तेवढे तं तुमी उधारीत विसरून जाता!"

ते खरं होतं. उधारीत माझे कितीतरी बुडतात, तरी मला झोप लागते. पण उधारी मी देतो. मी ठरवतो की हा माणूस अडचणीत आहे, राहू दे. इथं ठरवलं होतं त्यानं. रांगेतल्या सगळ्यांकडं पाहून त्यानं ठरवलं, की हा. हा जो झिरो दाखवल्यावर मान हलवतो, जो पैसे न मोजता मेहरबानी म्हणतो, हा परत येणार नाही. माझ्या आभारांवरूनच त्यानं मला ओळखलं. ते मला शंभर रुपयांपेक्षा जास्त लागलं.

"पुष्पे, बस," मी गाडी वळवत म्हणालो.

ती बसली, पण हात माझ्या खांद्यावर ठेवला नाही. मागं बोटीचा भोंगा वाजला.

परत पंप

मी भित्रा माणूस आहे, हे इथवर तुम्हाला कळलं असेल. काय बोलायचं ते मी वाटेत दोन प्रकारांनी ठरवलं, आणि तिथं पोचल्यावर दोन्ही विसरलो.

"दादा, मघाशी तुम्ही मला तीनशे द्यायचे होते. दोनशेच आले."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "काका, तुमच्यासमोर मोजले. गेल्यावर तक्रार चालत न्हाय. गाडी पुढं घ्या."

"मी घेणार नाही."

आवाज ऐकून केबिनमधून मॅनेजर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं मऊ. "काय मामा, काय प्रॉब्लेम?" मी सांगितलं. त्यांनी खांबावरच्या पाटीकडं बोट दाखवलं. "पैसे जागेवर मोजून घ्यावेत, असं लिहिलंय. वाचता येतं ना?"

"येतं. सातवीपर्यंत वाचायलाच शिकवतात. पण ती पाटी तुमची आहे, साहेब. मी तिच्यावर सही केलेली नाही."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. मागं कुणीतरी हसलं.

"हे बघा, आपल्याकडे कॅमेरा आहे. या," मॅनेजर म्हणाले. मला बरं वाटलं. कॅमेरा खोटं बोलणार नाही. केबिनच्या दारात उभं राहून आम्ही पाहिलं, मी, मॅनेजर, आणि मान आत घालून आणखी दोघं. पडद्यावर मी दिसलो, माझी मान हलताना दिसली, आणि त्याचा अंगठा दिसला. एक, दोन, तीन. स्वच्छ.

"बघा. तीन," मॅनेजर म्हणाले. "होतो गैरसमज. प्रवासात पडली असेल एखादी."

कॅमेरा खोटं बोलला नाही. जे मी पाहिलं होतं तेच त्यानंही पाहिलं. मी खिशातून दोन नोटा काढल्या. म्हटलं, थांबा, मी दाखवतो दोनाच्या तीन कशा होतात. एक मधोमध दुमडली, दुसरीला जोडली, अंगठा लावला. पण त्याच्या अंगठ्याची सफाई माझ्याकडं नव्हती, "दोन" म्हणेपर्यंत दोन्ही नोटा खाली पडल्या, आणि एक उडत पेट्रोलच्या डागावर जाऊन बसली. सगळे हसले. टोपीवाला सर्वांत जास्त. "काका, अशीच पडली असंल तिसरी!"

मी नोटा उचलल्या. कानशिलं तापली होती. माझ्याकडं आता दाखवायला काही उरलं नव्हतं, पुरावा नाही, साक्षीदार नाही. उरलं होतं एवढंच, की माझे शंभर रुपये त्याच्याकडं होते आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी गाडी ढकलत नेली आणि पेट्रोलच्या मशीनसमोर डबल स्टँडवर लावली. चावी काढून मुठीत धरली.

"हे काय?"

"माझे शंभर मिळाले की काढतो."

"मामा, पोलीस बोलवावे लागतील."

"बोलवा," मी म्हणालो खरा. गाडी माझी नाही, जिल्हा माझा नाही. कागद गजूच्या नावावर.

रांग वाढत गेली. एका पांढऱ्या मोठ्या गाडीतून मुंबईच्या साहेबांनी काच खाली केली. "अरे भाई, हंड्रेड रुपीज के लिए ट्रॅफिक जाम? ये ले, मेरे से ले!" आणि खरंच नोट बाहेर काढली.

"तुमचे नको, साहेब. तुमचे गेले नाहीत."

"येडा आहे," ते काच वर करत आतल्या कुणाला तरी म्हणाले.

माझ्या अगदी मागं एक कोळीण होती, स्कूटीवर. मागं मासळीचा रिकामा निळा टब बांधलेला, केसात अबोलीचा गजरा. बाजार उरकून घरी चालली होती. मला वाटलं, आता हीही ओरडणार. तिनं स्कूटी जरा पुढं घेतली आणि दुसरीकडं पाहत, हळू आवाजात म्हणाली, "किती गेलं?"

"शंभर."

"माजं मागल्या महिन्यात पन्नास."

"मग बोला ना, मावशी. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"मी कशी बोलू? मना रोज हितंच यायचं हाय. आजूबाजूला दुसरा पंप न्हाय. उद्या आले की बोलंल, पेट्रोल संपला." तिनं गजरा सारखा केला. "समद्यांना ठावं हाय त्याचा अंगठा. समदी गप. तू बाहेरचा. तू गेलास की गेलास. तुजं तो काय वाकडं करंल? तूच उभा ऱ्हा."

परक्या मुलखात आपण पाहुणे, वर मान करू नये, असंच मी धरून चाललो होतो. मला भीती होती ती याचीच, की इथं माझं कुणी नाही. आणि ही बाई सांगत होती, की इथं माझं कुणी नाही म्हणूनच मी बोलू शकतो. ज्यांचं सगळं इथं आहे त्यांची तोंडं बांधलेली.

पुष्पा इतका वेळ हवा भरायच्या नळापाशी पाठ करून उभी होती. समुद्राच्या बाजूला पाहत. ती वळली, चालत आली, पदर कंबरेला खोचला आणि स्टँडवर लावलेल्या गाडीवर आडवी बसली. माझ्याकडं पाहिलं नाही. मॅनेजरकडं पाहून म्हणाली, "आमची बोट गेली, साहेब. आता आमाले घाई नाई."

मागं हॉर्न सुरू झाले. मघा ते माझ्यावर ओरडत होते. आता कुणीतरी ओरडलं, "अरे देऊन टाक ना त्याचे!" मग दुसरा. "रोजची नाटकं हायत ह्याची!" कोण बोललं ते दिसलं नाही. हेल्मेटांतून आवाज येत होते, आणि हेल्मेट घातल्यावर माणसाला धीर येत असावा.

मॅनेजरांनी स्वतःच्या खिशातून शंभराची नोट काढली. "घ्या मामा. चहापाण्याला. विषय संपवा."

मी हात मागं घेतला. "चहा मी माझ्या पैशानं पितो. तुम्ही माझं काही घेतलेलं नाही, साहेब. ज्यानं घेतले त्यानं द्यावेत."

मॅनेजरांनी नोट परत खिशात घातली आणि वाढत्या रांगेकडं पाहिलं. मग टोपीवाल्याकडं न बघताच म्हणाले, "दे रे."

"साहेब, पण कॅमेऱ्यात…"

"दे म्हणतो ना."

त्यानं जुडग्यातून एक नोट ओढली आणि घडीसकट माझ्यासमोर धरली. आधीचे दोनशे मी त्याच्या हातात ठेवले.

"हे आता कशाला?" तो म्हणाला.

"तीनशे द्यायचे होते. पहिल्यापासून द्या. नोट उघडून, एकेक, हातावर."

मी तळवा पुढं केला. त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं पहिली नोट उघडून ठेवली. मी थांबलो. "तोंडानं सांगा, दादा."

"शंभर."

दुसरी उघडून ठेवली. "दोनशे." तिसरी ठेवली. तिसऱ्या वेळी आवाज इतका खाली गेला होता, की पांढऱ्या गाडीतल्या साहेबांनी काच खाली केली.

"तीनशे."

मी घडी न करता नोटा खिशात ठेवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून पैसे घेऊन आभार मानले नाहीत. पुष्पा उतरली. मी गाडी स्टँडवरून काढून बाजूला घेतली.

कोळीण पुढं आली. शंभराचं पेट्रोल घातलं, दोनशेची नोट दिली. तो सवयीनं अंगठा लावायला गेला, तसा तिनं उघडा तळवा त्याच्या नाकापुढं धरला. जोरात, रांगेच्या शेवटाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माजं बी तसंच रं! उघडून!"

तिच्या मागच्या हेल्मेटवाल्यानं पाकिटातून नोट काढली आणि काही न बोलता हात उघडून तयार ठेवला.

धक्का

दिघीला पोचलो तेव्हा आमची बोट पार पलीकडं आगरदांड्याला लागलेली होती. पुढच्या बोटीनं गेलो असतो तर किल्ल्याच्या होड्या मिळाल्या असत्या की नाही कुणास ठाऊक, आणि मिळाल्या असत्या तरी गजूची रात्रपाळी चुकली असती. गाडी त्याची, शब्द माझा. किल्ला गेला.

आम्ही धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसलो. पाणी संथ होतं, खाली खडकांना कालवं चिकटलेली. माझा राग ओसरला होता आणि आता ती भीती परत आली, की मी काय करून बसलो. परत इथवर कधी येणं होणार? बायकोला एवढ्या लांब आणलं, आणि शेवटी दाखवलं काय, तर एक पेट्रोल पंप.

"पुष्पे," मी म्हटलं, "माझं चुकलं का?"

ती त्या काळ्या रेघेकडं पाहत होती. ऊन आता किल्ल्यावर पडलं होतं आणि नीट पाहिलं तर बुरूज वेगळे ओळखू येत होते.

"आपुन आलो का नाई, हे त्या किल्ल्याले काई माईत नाई," ती म्हणाली. "त्या टोपीवाल्याले माईत हाय."